हजार वॅट म्हणजे किती वॅट?

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून स्पीकरचा एक संच घरी आणला. दोन स्पीकर, मध्ये एक अँप्लिफायर, आणि हे सारे ज्या खोक्यातून आले त्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले: ‘१००० वॅट पीएमपीओ’. स्वारी खुशीत होती. “मामा, समोरच्या आजोबांचा तो जुना संच आहे ना, तो फक्त वीस वॅटचा आहे. आपला त्याच्या पन्नासपट!”

दुसऱ्या दिवशी तो आजोबांकडे जाऊन तीच गाणी ऐकून आला, तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. आजोबांचा वीस वॅटचा संच याच्या हजार वॅटच्या संचापेक्षा मोठा वाजत होता, आणि मोठा करूनही आवाज फाटत नव्हता. “मामा, दुकानदाराने मला बिघडलेला संच दिला का रे?”

मी त्याला संच उलटा करून मागची पट्टी वाचायला सांगितली. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४० वॅट. म्हणजे हे यंत्र घरातल्या विजेतून साधारण चाळीस वॅट घेते. ऊर्जा निर्माण करता येत नाही, ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलता येते, हे तुम्ही सर्वांनी शाळेत वाचले आहे. मग चाळीस वॅट घेणारे यंत्र हजार वॅट देणार कोठून?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘पुढचा आकडा खोटा, मागचा खरा’ एवढे म्हणून आपण मोकळे झालो, तर मोजमाप म्हणजे काय हे शिकण्याची एक चांगली संधी हातची जाईल. म्हणून घरातल्या ध्वनियंत्रांची परीक्षा कशी घेतात, तिच्यात कोणते आकडे येतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे आपण क्रमाक्रमाने पाहू.

विजेच्या मीटरची साक्ष

पहिली परीक्षा अशी, की तिला एक पैसाही लागत नाही. घरातल्या विजेच्या मीटरवर एक लहानसा लाल दिवा उघडझाप करीत असतो. एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास वीज खर्च झाली की तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० होता. तुमच्या मीटरवर वेगळा असू शकेल. तो आधी पाहून घ्या.

घरातल्या मोठ्या माणसांच्या परवानगीने दहा मिनिटांसाठी पंखे, दिवे, फ्रीज, सारे काही बंद करा. दिवा लुकलुकायचा थांबला, याची खात्री करा. मग फक्त ध्वनिसंच लावा आणि एखादे जोरकस गाणे, कानाला त्रास होणार नाही इतक्या मोठ्या आवाजात, दहा मिनिटे वाजू द्या. तोवर तुम्ही मीटरजवळ उभे राहून दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे.

संच खरोखरच सतत हजार वॅट घेत असता, तर एका तासात एक युनिट खर्च होऊन दिवा ३२०० वेळा लुकलुकला असता. म्हणजे दहा मिनिटांत सुमारे ५३३ वेळा. आम्ही मोजले तेव्हा तो १९ वेळा लुकलुकला. गणित सोपे आहे: दहा मिनिटांत १९, म्हणून तासाला ११४, आणि ११४ भागिले ३२०० म्हणजे ०.०३५६ युनिट. दर ताशी ०.०३५६ युनिट म्हणजे सुमारे ३६ वॅट. मागच्या पट्टीवरील चाळीस वॅटशी हे बरेच जुळते.

आता प्रतिपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. संगीत काही एकसारख्या जोराने वाजत नाही. तबल्यावर थाप पडते त्या क्षणी मोठी शक्ती लागते. दोन थापांच्या मध्ये फारच थोडी. मीटरने दाखवली ती सरासरी. क्षणापुरती जी जास्त शक्ती लागते, ती अँप्लिफायरमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे धारित्रामध्ये, साठवलेल्या ऊर्जेतून मिळते. घरात पाण्याची धार बारीक असली तरी पिंप भरून ठेवलेले असेल, तर एखादी बादली झटकन भरता येते, तसेच हे आहे.

पण पिंप केवढे? समजा, आतला कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा आहे आणि तो ३० व्होल्टपर्यंत भारलेला आहे. त्यातील ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टांचा वर्ग, त्याचे निम्मे: ०.००४७ × ९०० ÷ २, म्हणजे सुमारे २.१ जूल. ही ऊर्जा हजार वॅटच्या दराने उधळली, तर ती किती वेळ पुरेल? दोन सहस्रांश सेकंद! आणि तीही सगळीच्या सगळी कधीच काढून घेता येत नाही. तेव्हा क्षणभराची शक्ती सरासरीच्या काही पट असू शकते, हे मान्य. पण तिच्या जिवावर पंचवीस पट आकडा खोक्यावर मिरवणे न्यायाचे नाही.

वॅट मोजतात कसे?

प्रयोगशाळेत अँप्लिफायरची शक्ती मोजताना गाणे वाजवीत नाहीत. गाण्यात हजार गोष्टी एकदम घडत असतात. मोजमापासाठी सर्वांत साधा आवाज लागतो: एकाच कंप्रतेचा, गुळगुळीत लहरीसारखा चढणारा आणि उतरणारा. कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या. पाठ्यपुस्तकात हिलाच वारंवारता म्हणतात. असा शुद्ध विद्युत-स्वर निर्माण करणाऱ्या उपकरणाला ऑसिलेटर किंवा आंदोलक म्हणतात.

चांगला आणि स्वस्त आंदोलक बनवणे एके काळी अवघड होते. लहरीची उंची एकसारखी राहत नसे. ती एक तर वाढत जाऊन लहरीचा आकार बिघडे किंवा कमी होत जाऊन लहर विझून जाई. अमेरिकेतील विल्यम ह्यूलेट या तरुण अभियंत्याने यावर सुंदर तोडगा काढला. त्याने मंडलात एक छोटा विजेचा दिवा बसवला. लहर मोठी झाली की दिव्याची तार जास्त तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की लहर आपोआप आवरली जाते. लहर लहान झाली की याच्या उलट. ह्यूलेटने डेव्हिड पॅकार्ड या मित्राबरोबर १९३९ मध्ये कंपनी काढली, आणि हा आंदोलक हेच तिचे पहिले उत्पादन ठरले. वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी असे आठ आंदोलक विकत घेतले होते. आज हेच काम तुमच्या मोबाइलमधील एखादे फुकट मिळणारे ॲपही करू शकते.

आंदोलकाचा स्वर अँप्लिफायरला द्यायचा. बाहेरच्या बाजूला मात्र स्पीकर जोडायचा नाही. त्याऐवजी ८ ओहमचा एक भक्कम रोध जोडायचा. स्पीकरचा रोध कंप्रतेप्रमाणे बदलत राहतो, शिवाय पूर्ण शक्तीचा सतत स्वर त्याला जाळूनही टाकील. साधा रोध मात्र निमूटपणे तापत राहतो आणि हिशोब सोपा ठेवतो. मग आवाज हळूहळू वाढवीत न्यायचा आणि रोधाच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजायचे. त्याच वेळी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहरीचा आकार पाहत राहायचे. एका मर्यादेनंतर लहरीचे माथे सपाट होऊ लागतात, जणू कोणी वरून कापले आहेत. अँप्लिफायरची धाव तिथे संपली. जरा मागे या, आणि व्होल्ट वाचा.

समजा, १२ व्होल्ट मिळाले. शक्ती म्हणजे व्होल्टांचा वर्ग भागिले रोध: १४४ ÷ ८ = १८ वॅट. हा झाला प्रामाणिक आकडा. आजोबांच्या संचावरचे ‘२० वॅट’ याच जातीचे.

हा प्रयोग घरी संच उघडून करू नका. अँप्लिफायरच्या आतले कपॅसिटर, वीज बंद केल्यावरही काही काळ भारलेले राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षक हजर असतानाच तो करावा.

अठराचे एकशेचव्वेचाळीस

आता एक गंमत पाहा. एकही शब्द खोटा न बोलता आपण हे १८ वॅट फुगवून दाखवू.

आपण मोजलेले १२ व्होल्ट ही लहरीची परिणामी किंमत आहे. लहरीचा माथा तिच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट उंच असतो. माथ्याच्या क्षणाची शक्ती काढली की ती बरोबर दुप्पट येते: ३६ वॅट. स्टीरिओ संचात डावा आणि उजवा असे दोन अँप्लिफायर असतात. दोन्हींची बेरीज केली: ७२ वॅट. रोध ८ ओहमऐवजी ४ ओहमचा धरला, आणि व्होल्ट तेवढेच राहतील असे मानले: १४४ वॅट. झाले! खोक्यावर ‘१४४ वॅट’ छापायला आता हरकत नाही. आतले यंत्र तेच, आवाज तोच.

यापुढे जाऊन लहरीचे माथे कापले जाण्याची पर्वा केली नाही, आणि शक्ती किती वेळ टिकते हेही विचारले नाही, तर आकडा कितीही वर नेता येतो. ‘पीएमपीओ’ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. तो कसा मोजायचा याची सर्वमान्य व्याख्याच नाही. ज्या लांबीला मोजपट्टी ठरलेली नाही, ती लांबी कितीही सांगावी!

हा घोळ सर्वत्र होता. अमेरिकेत १९६० च्या दशकात कारखानदारांची अशीच चढाओढ लागली. शेवटी तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९७४ मध्ये नियम केला. कोणी घरगुती अँप्लिफायरचे वॅट जाहीर करणार असेल, तर त्याने त्याबरोबर चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: रोध किती ओहमचा होता, कोणत्या कंप्रतांपासून कोणत्या कंप्रतांपर्यंत ही शक्ती मिळते, त्या वेळी विरूपण किती होते, आणि शक्ती सतत मिळणारी, सरासरी असली पाहिजे. २०२४ मध्ये हा नियम सुधारून आणखी काटेकोर केला गेला. रोध ८ ओहम, कंप्रता २० ते २०,००० हर्ट्झ आणि विरूपण एक टक्क्याहून कमी, अशा अटीच ठरवून दिल्या गेल्या.

या नियमाने एकाही अँप्लिफायरची शक्ती वाढली नाही की घटली नाही. आकड्याबरोबर त्याच्या अटी सांगणे मात्र आवश्यक झाले. ज्याच्या अटी सांगितलेल्या नाहीत, तो आकडा मोजमाप या नावाला पात्र नाही.

न गायलेला गंधार

वरील अटींमध्ये ‘विरूपण’ हा शब्द आला. तो समजून घेऊ.

तंबोरा उत्तम जुळला, की खर्जाच्या तारेतून एक गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार कंप पावते तेव्हा मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा कंप्रताही निर्माण होतात. यांना उपस्वर म्हणतात. त्यांतला पाचवा म्हणजे हा गंधार. तंबोऱ्याचे सारे वैभव या उपस्वरांतच आहे.

पण अँप्लिफायरने स्वतःच्या पदरचा गंधार घातला तर? गायिकेने जे गायलेच नाही ते तो आपल्याला ऐकवणार. अँप्लिफायरचे काम जे आत आले तेच मोठे करून बाहेर देण्याचे. त्याने मूळ लहरीचा आकार बदलला, की नवे उपस्वर जन्मतात, हेच विरूपण.

ते मोजण्याची रीत धान्य निवडण्यासारखी आहे. अँप्लिफायरला १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर द्यायचा. बाहेर जे येते त्यातून नेमका १००० हर्ट्झचा स्वर एका गाळणीने पूर्णपणे काढून टाकायचा. जे उरले ते सारे खडे: २०००, ३०००, ४००० हर्ट्झचे उपस्वर आणि थोडी खरखर. मूळ स्वर १० व्होल्टचा आणि उरलेला ऐवज ०.१ व्होल्टचा असेल, तर विरूपण एक टक्का.

विरूपण कमी करण्याचा सर्वांत प्रभावी उपाय हॅरोल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी, कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर सुचला. अँप्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. म्हणजे आत आलेले आणि बाहेर गेलेले यांतला फरक आपोआप दुरुस्त होत राहतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. याचाच उपयोग करून १९४७ मध्ये इंग्लंडच्या विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका घरगुती अँप्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. १५ वॅट शक्तीला त्याचे विरूपण ०.१ टक्क्याहून कमी होते. अनेक हौशी मंडळींनी तो घरी बांधला.

तरीही विरूपणाच्या आकड्यालाही अट लागतेच. १९६० च्या दशकातील पहिल्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरांची गोष्ट पाहा. त्यांत दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करीत. एक लहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळी, दुसरा खालचा. एकाने काम सोडून दुसऱ्याने उचलायचे त्या क्षणी, रिले शर्यतीत काठी देताना व्हावा तसा, किंचित खळ पडे. ही खळ ठरावीक मापाची असते. मोठ्या लहरीत ती दिसतही नाही. लहान लहरीत मात्र ती मोठा खड्डा ठरते. त्यामुळे पूर्ण शक्तीला मोजलेले विरूपण अगदी थोडे, आणि रात्री हळू आवाजात गाणे लावले की ते किरटे वाटे. आकडा खरा होता. पण ज्या आवाजात लोक ऐकतात, त्या आवाजाला तो मोजलेला नव्हता.

डेसिबेलची शिडी

आजोबांचा संच मोठा का वाजत होता, याचे एक उत्तर वॅटमध्ये मिळाले. दुसरे उत्तर स्पीकरमध्ये आहे.

घरगुती स्पीकरला आपण जी विद्युतशक्ती देतो, तिच्यापैकी जेमतेम एखादा टक्का ध्वनीत बदलतो. बाकीची उष्णता होते. म्हणून स्पीकरची परीक्षा घेताना त्याला एक वॅट शक्ती देतात आणि समोर एक मीटर अंतरावर ध्वनीची पातळी मोजतात. ती डेसिबेलमध्ये सांगतात.

डेसिबेल हे गुणाकाराचे माप आहे. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबेल वाढतात. दहापट झाली की १०. शंभरपट झाली की २०. आपला कानही असाच गुणाकाराने ऐकतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला शक्ती सुमारे दहापट व्हावी लागते. म्हणजे २० वॅटच्या जागी ४० वॅट आणले, तर फरक पडतो तो फक्त ३ डेसिबेलचा. तो जाणवतो, पण चकित करीत नाही. उलट एका वॅटला ८४ डेसिबेल देणारा स्पीकर बदलून ९० डेसिबेल देणारा आणला, तर ६ डेसिबेलचा लाभ होतो. हा शक्ती चौपट करण्याइतका आहे! आजोबांचे स्पीकर मोठ्या पेटीतले, आणि असे संवेदनशील होते.

आता ‘४० ते २०,००० हर्ट्झ’ असे स्पीकरवर लिहिलेले असते त्याचा अर्थ पाहू. हा स्पीकर ४० हर्ट्झचा स्वर काढतो खरा. पण किती मोठा? मधल्या स्वरांच्या मानाने तो २० डेसिबेलने खाली असेल, तर त्याची शक्ती शंभरावा भाग उरली. तो असून नसल्यासारखा. म्हणून चांगला उत्पादक पुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबेल’ अशी मर्यादा लिहितो. म्हणजे या पट्ट्यातला कोणताही स्वर ठरलेल्या पातळीच्या दुपटीहून वर किंवा निमपटीहून खाली जाणार नाही. मर्यादा लिहिलेली नसेल, तर तो पट्टा कितीही रुंद छापता येतो.

खोलीची ढवळाढवळ

स्पीकर मोजताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे खोली. मोबाइलवरून १००० हर्ट्झचा स्वर लावा, एक कान बंद करा आणि डोके सावकाश इकडून तिकडे हलवा. आठ-नऊ सेंटिमीटर सरकले की मोठा वाटणारा स्वर एकदम बारीक होतो, आणि पुन्हा सरकले की मोठा! ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर कोठे एकमेकींना मदत करतात, तर कोठे एकमेकींना मारतात. या दोन जागांमधले अंतर तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढे, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर असते.

मग मायक्रोफोन नेमका कोठे ठेवून मोजायचे? एक उपाय म्हणजे भिंतींना परत आवाज देऊच द्यायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, लिओ बेरानेक यांनी हार्वर्ड विद्यापीठात अशी मोठी खोली उभारली. तिच्या भिंती, छत आणि जमीन काचतंतूंच्या लांब पाचरींनी भरलेली होती. ध्वनी त्यांत शिरतो आणि जिरून जातो. अशा निनादरहित कक्षात गेलेल्या माणसाला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटू लागतो.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. भिंतीवरून येणारा आवाज लांबच्या वाटेने येतो, म्हणून उशिरा येतो. वाट १.७ मीटरने जास्त असेल, तर पाच सहस्रांश सेकंद उशिरा. तो पोहोचण्यापूर्वीच ऐकणे संपवायचे! या जातीच्या मापनाची एक पद्धत अमेरिकेतील रिचर्ड हेझर यांनी १९६७ मध्ये मांडली, आणि आज साधा संगणकही असे मापन करतो. पण येथेही किंमत मोजावी लागते. पाच सहस्रांश सेकंदांत २०० हर्ट्झची जेमतेम एक लहर मावते. त्याखालच्या खर्जाविषयी हे मापन काहीच सांगू शकत नाही. प्रत्येक मापनाला आपले कुंपण असते, आणि ते कोठे आहे हे ठाऊक असणे हा मापनाचाच भाग आहे.

शेवटचे उपकरण: आपला कान

कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? ऐकून पाहावे आणि ठरवावे.” ऐकायलाच हवे, संच ऐकण्यासाठीच तर घ्यायचा असतो. पण कान हेही एक उपकरणच आहे, आणि त्याचीही परीक्षा घ्यावी लागते.

बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू असताना कानाला खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की खर्ज भरून येतो. त्यामुळे दोन संचांपैकी जो जरासा मोठा लावलेला असेल, तो भरदार वाटतो. तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी मोजून सारखी केली पाहिजे.

त्याहून मोठी फसगत डोळे करतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ मध्ये एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी तेच स्पीकर तेच संगीत वाजवून लोकांना दोनदा ऐकवले: एकदा ध्वनी आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याआड ठेवून आणि एकदा डोळ्यांदेखत. स्पीकर दिसताच लोकांची मते बदलली. मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले. छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. आणि हे ऐकणारे लोक ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या कंपनीतलेच होते!

असा प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. एकच गाणे दोन प्रकारे साठवलेले घ्या, किंवा दोन वेगळ्या वायरी घ्या. एकाला ‘क’ म्हणा, दुसऱ्याला ‘ख’. एका विद्यार्थ्याने पडद्यामागे नाणे उडवून ठरवायचे, की या खेपेला क लावायचे की ख. त्याने बोलायचे नाही, चेहराही दाखवायचा नाही. ऐकणाऱ्याने प्रत्येक खेपेला ओळखून लिहायचे. अशा दहा खेपा करा.

आता निकाल कसा लावायचा? नुसते अंदाजाने ठोकले तरी सरासरीने पाच बरोबर येणारच. दहा खेपांत बरोबर-चूक असे १०२४ क्रम संभवतात. त्यांतल्या एका क्रमात दहाही बरोबर, आणि दहा क्रमांत नऊ बरोबर. तेव्हा निव्वळ नशिबाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात सुमारे एक. कोणी दहापैकी नऊ ओळखले, तर त्याला फरक ऐकू येतो असे मानायला चांगला आधार आहे. सहा ओळखले, तर काहीच सिद्ध झाले नाही. ‘मला तर स्पष्ट ऐकू आले’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचे पाच बरोबर आले, तर त्याला हसू नका. हीच गत आपल्यापैकी कोणाचीही होऊ शकते.

खरेदीपूर्वीचे पाच प्रश्न

भाच्याने हे सारे ऐकून एक कागद केला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तोच येथे देतो.

१. वॅट सतत मिळणारे आहेत का? किती ओहमला, आणि किती विरूपणाला?

२. मागच्या पट्टीवर विजेचा वापर किती लिहिला आहे?

३. स्पीकर एका वॅटला, एका मीटरवर किती डेसिबेल देतो?

४. कंप्रतेच्या पट्ट्यापुढे अधिक-उणे किती डेसिबेल लिहिले आहे?

५. दोन संच ऐकताना आवाज सारखा होता का, आणि कोणता वाजतो आहे हे मला आधीच ठाऊक होते का?

दुकानदाराला यांतील सगळ्यांची उत्तरे देता येतीलच असे नाही. पण जे खोके पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याच्यावरचा ठळक आकडा वाचायची गरज नाही.

आमचा संच आम्ही परत केला नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून जरा पुढे, कानाच्या उंचीवर ठेवले, आणि आवाज फाटायच्या आत थांबायला शिकलो. खोलीभर आवाजाला ३६ वॅटचा संच पुष्कळ होतो. तुमच्या घरातल्या संचाचा आकडा किती येतो, ते मीटरजवळ उभे राहून मोजा. मीटरवरचा अंक, मिनिटे, लुकलुकण्याची संख्या आणि त्या वेळी घरात दुसरे काय चालू होते, हे सारे वहीत लिहून ठेवायला मात्र विसरू नका.